एका गोलाचा पराभव आणि संघरचनेचे निदान : २०१० च्या विश्वचषकातील स्पेन

प्रस्तावना

सांघिक खेळांच्या अभ्यासात मोठ्या पराभवापेक्षा निसटता पराभव हा अधिक अवघड विषय होय. चार-पाच गोलांनी हरलेल्या संघाचे दोष कोणालाही दिसतात. अशा संघाच्या प्रशिक्षकाला बदल करावेच लागतात आणि त्याबद्दल त्याला कोणी जाब विचारीत नाही. एका गोलाने हरलेल्या संघापुढे मात्र निराळाच पेच उभा राहतो. आपली रचना चुकली म्हणून आपण हरलो, की रचना योग्य असूनही त्या दिवशी चेंडू गोलात गेला नाही म्हणून हरलो, हे निकालाच्या आकड्यावरून कळत नाही. क्रिकेटच्या डावात शेकडो चेंडू टाकले जातात व शेकडो धावा होतात. त्यामुळे एखादी चूक किंवा एखादा योगायोग त्या संख्येत विरून जातो. फुटबॉलच्या संपूर्ण सामन्यात मात्र बहुधा दोन-तीनच गोल होतात. साहजिकच एका क्षणाला सबंध नव्वद मिनिटांवर मात करता येते.

प्रस्तुत लेखात या पेचाचा विचार एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे करण्याचा प्रयत्न केला आहे. १६ जून २०१० रोजी दक्षिण आफ्रिकेतील दरबान येथे स्पेनचा संघ विश्वचषकातील आपल्या पहिल्याच सामन्यात स्वित्झर्लंडकडून ०-१ असा पराभूत झाला. पंचवीस दिवसांनी, ११ जुलै रोजी, हाच संघ जगज्जेता ठरला. पहिला सामना हरूनही विश्वचषक जिंकणारा तो पहिलाच संघ होय. हा योग विलक्षण खराच. परंतु हे उदाहरण निवडण्याचे खरे कारण निराळे आहे. पराभवाच्या दिवशी मैदानात उतरलेले अकरा खेळाडू आणि अंतिम सामन्यास आरंभ करणारे अकरा खेळाडू यांची यादी शेजारी ठेवून पाहिली, तर त्यांत केवळ एका नावाचा फरक आढळतो. मधल्या काळात बरेच काही बदलले गेले आणि त्यातील बहुतेक पुन्हा पूर्ववत झाले. काय बदलले, काय बदलले नाही आणि का, हा या लेखाचा विषय आहे.

पार्श्वभूमी

२००८ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत लुईस आरागोनेस यांच्या मार्गदर्शनाखाली स्पेनने विजेतेपद मिळविले. त्या संघाच्या मध्यफळीत मार्कोस सेना हा एकच खेळाडू बचावफळीच्या पुढे राखणीला उभा असे. झावी, इनिएस्टा, फाब्रेगास, सिल्वा हे छोट्या छोट्या पासांचे जाळे विणणारे खेळाडू त्याच्या पुढे वावरत. स्पर्धेनंतर विसेन्ते डेल बॉस्के प्रशिक्षक झाले. विश्वचषकाच्या पात्रता फेरीतील दहाही सामने स्पेनने जिंकले. जून २००९ मध्ये कॉन्फेडरेशन्स चषकाच्या उपान्त्य सामन्यात अमेरिकेकडून झालेला ०-२ असा पराभव सोडला, तर या संघाला कोणी हरवू शकेल असे फारसे कोणास वाटत नव्हते.

डेल बॉस्के यांनी रचनेत एक महत्त्वाचा बदल केला होता. सेनाच्या एका जागेवर त्यांनी सर्जिओ बुस्केट्स व झाबी अलोन्सो असे दोन मध्यरक्षक शेजारी शेजारी ठेवले. ज्याच्याभोवती संघाचा खेळ फिरतो त्या खेळाडूला स्पॅनिश भाषेत ‘पिवोते’, म्हणजे आस, म्हणतात. म्हणून ही ‘दुहेरी आस’. चार बचावपटू, त्यांच्यापुढे हे दोन, त्यांच्यापुढे तीन आणि टोकाला एकटा आघाडीवीर, अशी ही ४-२-३-१ रचना होय. तिचा लाभ असा की, दोन्ही बगलांचे बचावपटू पुढे धावून गेले तरी मागे चौघे राहतात व चेंडू गमावल्यास प्रतिस्पर्ध्याला मोकळे मैदान मिळत नाही. तिचा तोटाही उघड आहे. मागे एक माणूस वाढला म्हणजे पुढे एक कमी झाला.

दरबानचा सामना

त्या दिवशी स्पेनचा संघ असा होता : गोलरक्षक कॅसियास; बचावात रामोस, पिके, पुयोल व कॅपडेव्हिला; बुस्केट्स व अलोन्सो ही जोडी; पुढे सिल्वा, झावी व इनिएस्टा; आणि आघाडीला डेव्हिड व्हिया. स्वित्झर्लंडचे प्रशिक्षक ओटमार हिट्झफेल्ड यांनी आपल्या संघाला चौघाचौघांच्या दोन समांतर फळ्यांत, आपल्याच पेनल्टी क्षेत्रालगत उभे केले. या दोन फळ्यांमधील अंतर इतके कमी होते की तेथे चेंडू घेऊन वळण्यासही जागा उरत नव्हती. पुढे एन्कुफो आणि डेर्डियोक हे दोघेच.

चेंडूवरील ताबा सुमारे ६३ टक्के वेळ स्पेनकडे होता. स्पेनने गोलाच्या दिशेने वीसहून अधिक फटके मारले. पूर्वार्धात पिकेला एक उत्तम संधी मिळाली, पण गोलरक्षक बेनाग्लिओने ती वाया घालविली. आणि मग ५२ व्या मिनिटाला बेनाग्लिओने मारलेला लांब चेंडू एन्कुफोने डोक्याने पुढे ढकलला, डेर्डियोक बचावफळी भेदून आत शिरला, कॅसियास त्याच्यावर झेपावला, पिके खाली पडला आणि त्या गोंधळात सुटलेला चेंडू जेल्सन फर्नांडिसने गोलात ढकलला. फुटबॉलमधील हा काही देखणा गोल नव्हे. परंतु गुणफलकाला सौंदर्यदृष्टी नसते.

रचनेच्या अंगाने पाहता स्पेनची खरी अडचण गोल होण्यापूर्वीच दिसत होती. सिल्वा व इनिएस्टा नावाला बगलेवर होते; दोघांचीही वृत्ती चेंडू घेऊन आत, मैदानाच्या मध्याकडे येण्याची. झावी तेथे आधीच उभा. व्हियाही मध्यावर. परिणामी चार सर्जनशील खेळाडू पंधरा-वीस यार्डांच्या पट्ट्यात एकवटले आणि नेमक्या त्याच पट्ट्यात स्वित्झर्लंडने आपले आठ खेळाडू उभे केले होते. बगलेवरील रुंदी केवळ रामोस व कॅपडेव्हिला या बचावपटूंनी पुरवावयाची, आणि तेही बरेच अंतर धावून आल्यावर. चेंडू फिरत होता, पण स्विस फळीच्या समोरून. तिच्या पाठीमागे जवळजवळ नाहीच.

टीका आणि तिची तपासणी

दुसऱ्या दिवसापासून टीकेचा सगळा रोख दुहेरी आसेवर वळला. जो संघ स्वतःच्या गोलापाशी बसून आहे त्याच्याविरुद्ध दोन-दोन राखणदार कशासाठी, असा प्रश्न विचारला गेला. माजी प्रशिक्षक आरागोनेस यांनीही या रचनेवर टीका केली. युक्तिवाद दिसावयास बिनतोड होता. बुस्केट्सला काढावे, अलोन्सो एकटा मागे राहील, झावी आपल्या आवडत्या, किंचित मागच्या जागी येईल आणि पुढे एक आघाडीवीर वाढेल.

येथे एक गोष्ट टीकाकारांच्या नजरेतून निसटली, असे प्रस्तुत लेखकास वाटते. हा उपाय त्याच सामन्यात करून झाला होता. गोल झाल्यानंतर ६१ व्या मिनिटाला डेल बॉस्के यांनी बुस्केट्सलाच बाहेर बोलावून फर्नांडो टोरेसला आणले आणि लगेच सिल्वाच्या जागी उजव्या बगलेवर हेसूस नवासला पाठविले. म्हणजे शेवटची तीस मिनिटे स्पेन एकेरी आस, दोन आघाडीवीर व एक खरा विंगर घेऊन खेळला. अलोन्सोचा एक जोरदार फटका आडव्या खांबावर आदळला, हे खरे. परंतु सामन्यातील स्वित्झर्लंडची दुसरी मोठी संधीही याच काळातली आहे. डेर्डियोक पुन्हा एकदा बचावपटूंना चुकवीत आत शिरला व त्याचा चेंडू गोलखांबाला लागून परतला. मागचा एक माणूस काढल्याने काय होते, याचा हा एक नमुना होता. तीस मिनिटांच्या एका नमुन्यावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मान्य; पण मग नव्वद मिनिटांच्या एका पराभवावरूनही तो मांडता येऊ नये.

डेल बॉस्के यांनी बुस्केट्सची जाहीरपणे पाठराखण केली व पुढील सर्व सामन्यांत त्याला खेळविले. इतकेच नव्हे, तर उरलेल्या सहाही सामन्यांत त्याला एकदाही बदलले नाही. तेव्हा तो जेमतेम २१ वर्षांचा होता. पुढच्या सामन्यात हरल्यास स्पर्धेतून बाहेर जाण्याची वेळ आली असती आणि सगळा दोष प्रशिक्षकाच्या हट्टावर गेला असता, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयाची किंमत कळते.

काय बदलले

बदल झाले ते पुढच्या फळीत. २१ जून रोजी जोहान्सबर्ग येथे होंडुरासविरुद्ध सिल्वा व इनिएस्टा दोघेही आरंभी मैदानात नव्हते. उजव्या बगलेवर नवास, मध्यावर टोरेस आणि डाव्या बगलेवर व्हिया अशी मांडणी झाली. व्हियाने दोन गोल केले व एक पेनल्टी बाहेर मारली. स्पेन २-० असा जिंकला. पहिला गोल विशेष अभ्यासण्याजोगा आहे. व्हियाने डाव्या कडेला चेंडू घेतला, दोघांच्या मधून वाट काढली, तिसऱ्याला चुकविले आणि तोल जात असताना उजव्या पायाने चेंडू वरच्या कोपऱ्यात धाडला. दरबानला हाच खेळाडू दोन धिप्पाड मध्यबचावपटूंच्या कैचीत उभा होता. बगलेवर येताच त्याला धावण्यास जमीन मिळाली आणि गोलाकडे तोंड करून चेंडू घेता येऊ लागला. खेळाडू तोच, कौशल्य तेच. केवळ उभे राहण्याची जागा वीस यार्डांनी सरकली.

२५ जून रोजी प्रिटोरिया येथे चिलीविरुद्ध नवासच्या जागी इनिएस्टा परतला. चिलीचे सहा गुण होते, स्पेन व स्वित्झर्लंड यांचे तीन-तीन. स्पेनने हा सामना २-१ असा जिंकला. एक गोल व्हियाचा, गोलरक्षक ब्राव्हो पुढे धावून आल्यावर दुरून मारलेला, दुसरा इनिएस्टाचा. येथून पुढे बाद फेरीतील चारही सामने स्पेनने १-० अशाच फरकाने जिंकले.

राहता राहिला टोरेसचा प्रश्न. एप्रिल २०१० मध्ये त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती आणि त्याची गती परतली नव्हती. बचावफळीला मागे रेटण्याचे काम तो उभे राहूनही काही अंशी करीत होता, त्याच्यामुळेच व्हियाला डावी बगल मिळत होती; परंतु गोल त्याच्याकडून होईना. पोर्तुगालविरुद्ध ५८ व्या, पॅराग्वेविरुद्ध ५६ व्या मिनिटाला त्याला बाहेर घेण्यात आले. पोर्तुगालविरुद्ध त्याच्या जागी योरेन्टे हा उंच आघाडीवीर आला आणि पाचच मिनिटांत व्हियाने गोल केला.

७ जुलै रोजी उपान्त्य सामना पुन्हा दरबानलाच होता, आणि समोर जर्मनी. या जर्मन संघाने इंग्लंडला ४-१ व अर्जेंटिनाला ४-० असे झोडपले होते, ते मुख्यतः चेंडू हिसकावून वेगाने पुढे धावण्याच्या बळावर. या दिवशी डेल बॉस्के यांनी टोरेसला वगळून पेड्रोला आणले व व्हियाला पुन्हा मध्यावर नेले. म्हणजे नकाशावर स्पेनची रचना स्वित्झर्लंडविरुद्ध होती तशीच झाली. फरक एवढाच की सिल्वाच्या ठिकाणी पेड्रो.

कागदावर हा बदल किरकोळ दिसतो. वस्तुतः त्याने रचनेचा स्वभावच बदलला. सिल्वा हा चेंडू पायात मागणारा खेळाडू. पेड्रो चेंडूविना धावणारा. सिल्वा बगल सोडून आत येई, तर पेड्रो कडेची रेषा धरून उभा राही व संधी साधून बचावफळीच्या पाठीमागे पळे. त्याच्यामुळे प्रतिस्पर्धी बचावपटूला बाहेर ओढले जावे लागे आणि जी मोकळी जागा तयार होई ती झावी व इनिएस्टा वापरीत. चेंडू गमावताच पाठलाग करण्याचे कष्टही तो न कंटाळता करी. शिवाय पेड्रो, झावी, इनिएस्टा, बुस्केट्स, पिके व पुयोल हे सहाही जण बार्सिलोनाचे असल्यामुळे एकमेकांच्या हालचाली त्यांना अंगवळणी पडलेल्या होत्या. या सामन्यात बुस्केट्स व अलोन्सो यांनी जर्मनीच्या प्रतिचढायांचा मार्ग बहुतांशी बंद करून ठेवला, आणि ७३ व्या मिनिटाला झावीच्या कॉर्नरवर पुयोलने डोक्याने गोल केला. (शेवटी शेवटी पेड्रोने शेजारी मोकळा असलेल्या टोरेसला चेंडू न देता एक सोपी संधी दवडली, हेही नोंदविले पाहिजे.)

प्रतिवादाची बाजू

दुहेरी आसेचे समर्थन एकतर्फी होऊ नये. बाद फेरीतील चार गोलांपैकी पोर्तुगाल व जर्मनी यांच्याविरुद्धचे दोन गोल बुस्केट्स व अलोन्सो दोघेही मैदानात असताना झाले. उरलेले दोन अलोन्सो बाहेर गेल्यानंतरचे आहेत. पॅराग्वेविरुद्ध ७५ व्या मिनिटाला अलोन्सोच्या जागी पेड्रो आला आणि ८३ व्या मिनिटाला त्याचाच खांबाला लागून परतलेला चेंडू व्हियाने गोलात घातला. नेदरलँड्सविरुद्धच्या अंतिम सामन्यात ८७ व्या मिनिटाला अलोन्सोच्या जागी फाब्रेगास आला व जादा वेळेत, ११६ व्या मिनिटाला, त्याच्याच पासवर इनिएस्टाने गोल केला. तेव्हा नेदरलँड्सचा हाइटिंगा लाल कार्ड मिळून बाहेर गेलेला होता.

तेव्हा टीकाकारांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे होते असे नाही. त्यांनी वेळेचा विचार केला नव्हता, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. प्रतिस्पर्धी ताजातवाना असताना दोघांनी पाया धरावयाचा, त्याला चेंडूमागे धावावयास लावून दमवावयाचे, आणि तासाभरानंतर एक राखणदार काढून एक आक्रमक वाढवावयाचा, हा डेल बॉस्के यांचा क्रम दिसतो. दरबानलाही त्यांनी हेच केले होते. पण तेथे संघ मागे पडलेला होता व त्यांनी बुस्केट्सला काढले. पुढे असा प्रसंग आला तेव्हा त्यांनी नेहमी अलोन्सोला काढले. बुस्केट्सचे काम चेंडू हिसकावणे व तो जवळच्या माणसाकडे सोपविणे हे. अलोन्सोचे लांब पास देणे व दुरून फटके मारणे. जागा अपुरी पडू लागली की दुसऱ्या कामाची गरज आधी संपते.

आकड्यांकडेही एकवार पाहावे. सात सामन्यांत स्पेनने केवळ आठ गोल केले, इतक्या कमी गोलांवर तोपर्यंत कोणीही विश्वचषक जिंकला नव्हता. त्यांनी स्वीकारलेले गोल फक्त दोन. पॅराग्वेविरुद्ध गुणफलक ०-० असताना कार्डोझोची पेनल्टी कॅसियासने अडविली; अंतिम सामन्यात एकटा पुढे आलेल्या रॉबेनचा चेंडू त्याच्या पायाला लागून बाहेर गेला. यांपैकी एक जरी आत गेला असता तरी आज पेड्रोच्या निवडीबद्दल कौतुकाने लिहिण्याऐवजी आपण डेल बॉस्के यांच्या हट्टाबद्दल लिहीत असतो. ताब्यावर आधारलेला हा खेळ मुळातच लहान फरकांचा आहे. जो संघ १-० असे जिंकतो तो केव्हातरी ०-१ असा हरणारच. स्वित्झर्लंडचे उदाहरण याची दुसरी बाजू दाखविते. भावी जगज्जेत्याला हरविणारा हा संघ पुढे चिलीकडून ०-१ असा हरला, होंडुरासशी ०-० अशी बरोबरी करून गटातच बाद झाला.

दोन तुलना

पहिला सामना हरून विश्वचषक जिंकण्याचा प्रसंग त्यानंतर २०२२ मध्ये कतार येथे आला. २२ नोव्हेंबर रोजी अर्जेंटिना सौदी अरेबियाकडून १-२ असा हरला. पूर्वार्धात त्यांचे तीन गोल ऑफसाइड ठरले होते. पराभव स्पेनच्या पराभवाइतकाच निसटता. लिओनेल स्कालोनी यांनी मात्र उलट मार्ग धरला. मेक्सिकोविरुद्धच्या पुढच्याच सामन्यात त्यांनी पाच खेळाडू बदलले आणि स्पर्धा पुढे सरकली तशी मध्यफळीच नवी केली. मॅकअॅलिस्टर व एन्झो फर्नांडिस तेथे स्थिरावले, तर आघाडीवर लाउतारो मार्टिनेझच्या जागी हुलियान आल्व्हारेझ आला. त्यांचेही बरोबर ठरले. दोन्ही प्रशिक्षकांत साम्य शोधावयाचे तर ते बदलांच्या संख्येत सापडत नाही. स्कालोनी यांच्या मध्यफळीचा जुना मेळ स्पर्धेपूर्वीच लो सेल्सोच्या दुखापतीने मोडला होता, म्हणून त्यांना तेथे हात घालावा लागला. डेल बॉस्के यांची मध्यफळी शाबूत होती. उणीव रुंदीची होती, म्हणून त्यांनी बगलेवर उपाय शोधला.

दुसरी तुलना खुद्द डेल बॉस्के यांच्याशीच आहे. २०१४ च्या विश्वचषकात स्पेनने पहिला सामना नेदरलँड्सविरुद्ध १-५ असा गमावला. हा पराभव निसटता नव्हता आणि या वेळी बदल करण्यास कोणाचाच विरोध नव्हता. १८ जून रोजी रिओ येथील माराकाना मैदानावर चिलीविरुद्ध झावी व पिके दोघांनाही वगळण्यात आले, पेड्रो परतला. बुस्केट्स व अलोन्सो ही जोडी मात्र कायम होती. मध्यंतरापर्यंत चिलीने दोन गोलांची आघाडी घेतली, आणि उत्तरार्ध सुरू झाला तेव्हा अलोन्सोच्या जागी कोके मैदानात आलेला होता. सामना ०-२ असाच संपला व जगज्जेता स्पेन दुसऱ्याच सामन्यात स्पर्धेबाहेर गेला.